रुई हवेची, ढेप वावराची

देवघरातल्या डब्यात वाती वळायचा कापूस असेल. चिमूटभर घ्या, हलकेच ओढा आणि त्यातला एकच तंतू सुटा करून खिडकीच्या उजेडात धरा. जेमतेम दिसेल. लांबी इंचभर, जाडी आपल्या केसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी.

हा तंतू म्हणजे एक पेशी आहे. पेशींची माळ नव्हे, जुडगाही नव्हे. एकटी, अखंड पेशी.

आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. आणि इथे वऱ्हाडातल्या कोरडवाहू वावरातलं एक झाड इंचभर लांबीची पेशी काढतं, आपण तिची वात वळतो आणि देवापुढे लावतो! पेन्सिलीएवढी जाड वस्तू याच प्रमाणात लांबवली, तर ती चार मजली इमारतीच्या गच्चीला लागेल.

हे घडतं कसं? ज्या सकाळी कपाशीचं फूल उमलतं, त्याच दिवशी फुलाच्या पोटात, होऊ घातलेल्या सरकीच्या सालीवर, काही पेशी फुगायला लागतात. काही म्हणजे एका सरकीवर पंधरा हजारांच्या आसपास. बोंड बाहेरून हिरवं, मुकाट वाढत असतं आणि आत या पेशी तीन आठवडे नुसत्या लांब होत जातात. मग लांबी थांबते आणि गिलावा सुरू होतो. नळीच्या आतल्या भिंतीवर थरावर थर, दिवसाला एक थर. तंतू आडवा कापून पाहिला, तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसतात. खोडातली वर्तुळं वर्षांची असतात, ही दिवसांची. सप्टेंबरातल्या उन्हाची आणि रात्रीच्या गारव्याची ही रोजनिशी तुमच्या सदऱ्यात विणलेली आहे.

शेवटी बोंड फुटतं, वारा लागतो, नळीतलं पाणी उडून जातं. नळ बंद केल्यावर रबरी पाइप बसतो तशी ती नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरतो, आणि धरतो म्हणून सूत निघतं. सावरीचा कापूस दिसायला किती मऊ, किती चकचकीत! पण त्याच्या तंतूला पीळ नाही. म्हणून सावरीच्या उशा होतात, धोतर होत नाही.

आता तो गिलावा कशाचा, ते पाहू. माझी सगळी गोष्ट त्या गिलाव्यावर उभी आहे.

तो असतो सेल्युलोजचा. साखरेचे कण एकामागे एक ओवून केलेली साखळी म्हणजे सेल्युलोज. साखर पानात शिजते, आणि पानाचा शिधा दोनच वस्तूंचा: हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. त्यामुळे सेल्युलोजमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून चौथं मूलद्रव्य नाही. नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. पिकलेल्या तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त भाग याच सेल्युलोजचा.

याचा अर्थ लक्षात येतोय? रुई मातीची नाहीच. ती हवेची आहे.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस घेऊन जाऊ. उतारा चांगला असेल तर एका अंगाला 34-35 किलो रुई पडते, दुसऱ्या अंगाला 64 किलोंच्या आसपास सरकी, बाकी घट. त्या रुईत सुमारे 15 किलो नुसता कार्बन आहे. पेरणीच्या दिवशी तो वावराच्या वर हवेत तरंगत होता, आणि पाच-सहा महिन्यांत त्याची गाठ बांधून झाली.

सरकी पुढे ऑइल मिलमध्ये जाते. तिच्यातून तेल निघतं. तेल कशाचं? पुन्हा तेच तिघे, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. म्हणजे तेलही हवेचं! मागे उरली ढेप. प्रथिनं ढेपेत, नत्र ढेपेत, स्फुरद ढेपेत. एका क्विंटल कापसाच्या सरकीत दोन किलोंच्या आसपास नत्र असतं, युरियाच्या भाषेत साडेचार किलो. वावरातून खऱ्या अर्थाने बाहेर जातं ते एवढंच. गाठ हवेची, डबा हवेचा, पोतं तेवढं वावराचं.

शेतकऱ्याच्या हातात पैसे ज्याचे पडतात, तीच वस्तू जमिनीला सगळ्यात स्वस्त पडते. असं दुसरं पीक सांगा बरं. (ऊस, असं कोणी म्हणेल. साखरही हवेचीच, कबूल. पण उसाला पाणी किती, ते विचारून या आणि मग बोलू.)

ढेप गावातल्याच म्हशीने खाल्ली तर ते नत्र शेणातून वावरात परत येतं. ट्रकमध्ये बसून दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोठ्यात गेली, तर तिथल्या उकिरड्याचं भलं होतं. पूर्वी दारात बैलजोडी असायची, दुभतं असायचं, त्यामुळे हे चाक आपोआप फिरत होतं. कोणी त्याला चक्रीय अर्थव्यवस्था वगैरे म्हणत नव्हतं.

मग कापसाची एवढी बदनामी का? जमीन खातो, पाणी पितो, विष मागतो, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. एकेक आरोप घेऊ.

पाण्याचा घ्या. एका टी-शर्टमागे 2,700 लिटर पाणी लागतं, हा आकडा जगभर फिरतो. आकडा घाबरवणारा आहे आणि काही ठिकाणी तो खराच घाबरवणारा आहे. मध्य आशियात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवल्या आणि 1960 नंतर अरल समुद्र आटत गेला. अख्खा समुद्र! जिथे मासेमारीच्या बोटी होत्या, तिथे आता वाळवंटात गंजलेले सांगाडे उभे आहेत. पण वऱ्हाडात कोणती नदी आटवली कपाशीने? इथली बहुतेक कपाशी पावसावरची. जूनला टोबायची आणि आभाळाकडे बघायचं. त्या 2,700 लिटरमधलं आपल्या वाट्याचं पाणी ढगाचं आहे. ते कपाशीने प्यायलं नसतं तर गवताने प्यायलं असतं.

पण पाऊस जातो सप्टेंबरअखेर आणि बोंडं भरतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधल्या काळात झाड पितं काय?

इथे पायाखाली बघायला हवं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्या खडकाची झीज होत होत पूर्णेच्या खोऱ्यात साचलेली ही काळी माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे असतात. पाणी पानापानांच्या मध्ये शिरतं आणि कॅट फुगतो, पाणी गेलं की आक्रसतो. म्हणून मे महिन्यात वावराला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जाईल अशा. वरची माती, काडीकचरा त्या भेगांत घरंगळतो. पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात, आणि वर होतं ते खाली गेलेलं असतं. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते!

आणि साठवते किती? मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं साधारण 200 मिलिमीटर पाणी मावतं. एकराचा हिशेब करून बघा: आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचे 80 टँकर, एका एकराखाली, झाकण न लावता. कपाशीचं सोटमूळ त्या टाकीत उतरतं आणि दिवाळीतही वरचं झाड हिरवं राहतं.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ही टाकी हाच एक आधार. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. पिकाला दिलं तर त्यातल्या सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात आणि जमीन चोपण होते. म्हणजे पाणी आहे आणि तरी नाही. अशा ठिकाणी उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा आणि सरी, सरीत थांबलेला प्रत्येक थेंब, हेच सिंचन. सरी ओढायला पैसा जवळजवळ लागत नाही. सातशे-आठशे मिलिमीटर पावसातला किती वाहून जातो आणि किती मुरतो, हे त्या ओळींच्या दिशेवर ठरतं.

पाण्याच्या आरोपातून कपाशीला मी बऱ्यापैकी निर्दोष सोडतो. जमिनीच्या आरोपाचा निकाल पऱ्हाटीवर, म्हणजे वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या झाडांवर आहे, तिथे नंतर येऊ. आधी झाडाची कुंडली.

दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावाचा कापूस विकला जायचा. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथल्या गाठी बंद झाल्या आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड केलं. तो सगळा कापूस देशी होता: आखूड तंतूचा, राठ, पण इथल्या मातीत मुरलेला. स्वातंत्र्याच्या वेळीसुद्धा देशातल्या कपाशीच्या सुमारे 97 टक्के क्षेत्रावर देशीच होती. आज तिच्या वाट्याला तुकडे उरलेत. बाकी सगळीकडे अमेरिकन कपाशीचे संकर.

अमेरिकन म्हणजे परकी, असं आपण समजतो. तर ऐका. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रं असतात, अमेरिकन कपाशीत 52. दुप्पट कशी? दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कपाशीच्या कुळातल्या कोणा पूर्वजाचं बी, बहुधा लाटांवर तरंगत, अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं. तिथल्या रानटी कपाशीशी त्याचा संकर झाला, दोन्हीकडची गुणसूत्रं एकत्र नांदली, आणि 52 गुणसूत्रांचं नवं झाड जन्मलं. कोलंबस 1492 साली पोचला. कपाशी त्याच्या आधी लाखो वर्षं जाऊन बसली होती, तेही जहाजाशिवाय.

यातली सर्वात मजेची गोष्ट पुढेच आहे. त्या अमेरिकन रानटी कपाशीच्या बियांवर कातता येईल असा तंतूच नव्हता. सूत काढण्याजोग्या तंतूचं देणं आलं ते आपल्या बाजूच्या आजोळाकडून.

देशीचं अजून काय चांगलं? मावा-तुडतुडे तिला फारसा त्रास देत नाहीत, पानं गुंडाळणारा विषाणू तिला लागत नाही, मूळ खोल जातं, बी घरचं ठेवता येतं. तिचा राठ तंतू पाणी चटकन शोषतो, त्यामुळे दवाखान्यातल्या कापसाला तो उत्तम. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, 1969 साली सुरू झालेल्या या संस्थेने, एकेए-7, एकेए-8 असे देशी वाण दिलेत. मग शेतकरी ते का लावत नाही? कारण बोंडं बारकी, वेचायला वेळ लागतो, बोंड फुटलं की कापूस खाली गळतो, आणि व्यापारी तंतूच्या लांबीवर भाव करतो. परवडत नाही त्याला टिकाऊ म्हणण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर हलक्या जमिनीत आणि खारपाणपट्ट्यात देशीला परत जागा मिळावी. सरसकट नको.

आता विषाचा आरोप. हा सगळ्यात मोठा आहे आणि इथे मी जरा थांबणार आहे.

नव्वदच्या दशकात देशातल्या पेरणीक्षेत्राच्या जेमतेम पाच टक्क्यांवर असलेली कपाशी देशातल्या निम्म्याच्या आसपास कीटकनाशकं रिचवत होती. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे झाड इतकं दुबळं आहे का, की पाठीवर पंप घेऊन माणसाने त्याच्या रक्षणाला जीव द्यावा?

झाडाला विचारू. कपाशीचं पान उलटून बघा. मधल्या शिरेवर एक बारीकसा खळगा दिसेल. ती मधाची वाटी आहे. फुलात मध असतो तो परागीकरणाला. पानाखाली मध कशाला? मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना. झाड राखणदाराला रोजंदारी देतं!

अळीने पान कुरतडलं की ते झाड हवेत एक विशिष्ट वास सोडतं. तो वास ओळखून परोपजीवी गांधीलमाशी येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. 1998 साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कोणती अळी खातेय त्याप्रमाणे वासाचं मिश्रण बदलतं. दोन अळ्या इतक्या सारख्या, की आपल्याला वेगळ्या ओळखू येणार नाहीत. झाड ओळखतं, त्याप्रमाणे हाक मारतं, आणि नेमकी त्याच अळीवर जगणारी गांधीलमाशी धावून येते. म्हणजे चोर कोण, हेही झाड सांगतं.

पातेगळ दिसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण कपाशी आपणहूनच निम्म्याहून जास्त पात्या आणि कोवळी बोंडं गाळते. पोसता येतील तेवढीच ठेवते आणि सुरुवातीला काही गेली तरी पुढे भरून काढते. म्हणून पहिले दोन महिने औषधाचा पंप शक्यतो खाली ठेवा, असं कीटकशास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडतात. त्या काळात फवारा मारला तर आधी मरतात राखणदार. किडी पुन्हा येतात, राखणदार यायला उशीर होतो, आणि मग खरोखरच झाड उघडं पडतं.

एक किडा मात्र या सगळ्या पहाऱ्याला पुरून उरतो: गुलाबी बोंडअळी. भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून 1843 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, म्हणजे ही बया इथली जुनी राहणारी. अंड्यातून निघाली की काही तासांत बोंडात किंवा पातीत शिरते. शिरल्याचं भोक बुजून जातं. फुलात असेल तर आतून पाकळ्या बांधून टाकते आणि फूल उमलतच नाही. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. बोंडात बसून सरकी खाते. बाहेरून बोंड ठणठणीत! वरून काय वाटेल ते मारा, आत पोचत नाही.

2002 साली बीटी कपाशी आली, ती या बोंडअळ्यांवरच. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं विष झाडानेच तयार करायचं, ही कल्पना भन्नाट होती आणि काही वर्षं फवारण्या उतरल्याही. 2006 साली दोन विषांची बीजी-2 आली. पण 2017 साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने दोन्ही विषं पचवून दाखवली. कशी शिकली?

एक उत्तर आपल्या संकरित बियाण्यात आहे. संकराचे आई-बाप दोन, आणि विषाचा जनुक त्यातल्या एकाकडूनच येतो. झाडाच्या पानात विष असतं, पण त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या म्हणजे पुढची पिढी. एका जनुकापुरतं बोलायचं, तर त्यातल्या चार सरक्यांमागे एकीत विष नसतंच! अळी खाते सरकी. एकाच बोंडात बिनविषाची सरकी, विषाची सरकी, शेजारी शेजारी. विषाची थोडी थोडी सवय लावून घ्यायला यापेक्षा चांगली शाळा कोणती? जगात बहुतेक ठिकाणी बीटीचे सरळ वाण आहेत, तिथे ही शाळा भरत नाही. त्यात आपण आणखी एक केलं. 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगरबीटी बी कडेने लावायला मिळायचं, की तिथे विषाची सवय नसलेले पतंग वाढावेत, सवयवाल्यांशी त्यांची जोडी जमावी आणि पुढच्या पिढीत प्रतिकार पातळ व्हावा. बहुतेकांनी ते पाकीट बाजूला टाकलं. का लावावं, हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

पण या अळीची एक दुखरी नस आहे. ती जवळजवळ कपाशीवरच जगते. तिचा पतंग दोनेक आठवडे जगतो. म्हणजे वावरात पाते-फूल-बोंड नसेल, तर ती संपली. हिवाळ्यात ती सरकीत, सुकल्या बोंडात कोष न करता झोपून राहते आणि पाऊस पडला की उठते. त्या वेळी कपाशीला पाते नसेल, तर मादी अंडी घालणार कुठे? कीटकशास्त्रात याला आत्मघाती उदय म्हणतात. काय शब्द आहे!

आता फरदडीचा विचार करा. डिसेंबरात वेचणी संपल्यावर एक-दोन पाणी देऊन पीक मार्च-एप्रिलपर्यंत ओढायचं, चार-दोन क्विंटल जास्तीचे काढायचे. आणि दुसरीकडे कोणी मे महिन्यातच ओलिताची कपाशी लावायची. या दोघांनी मिळून अळीला बारमाही खानावळ उघडून दिली. डिसेंबरात पीक मोडणं आणि जूनच्या आधी न पेरणं, हे या किडीवरचं जालीम औषध आहे. त्याला बाटली नाही, म्हणून ते कोणत्या कृषी केंद्रात मिळत नाही.

लवकर आटोपणारी, बुटकी कपाशी दाट लावण्याचे जे प्रयोग अकोल्याकडे चाललेत, त्यांचं मर्मही इथेच. 90 बाय 60 सेंटिमीटरवर एकरात साडेसात हजारांच्या आत झाडं बसतात. 90 बाय 15 वर तीस हजारांच्या जवळ. प्रत्येक झाडाने सात-आठ बोंडं दिली तरी भागतं, आणि ती एकदमच फुटतात. अळीची गर्दी वाढायच्या आत कापूस घरात.

मधल्या काळात पहाऱ्याला कामगंध सापळे. मादी पतंग अंधारात एक वास सोडते, नर त्या वाटेने येतो. तोच वास प्रयोगशाळेत करून सापळ्यात ठेवतात. हेक्टरी पाच सापळे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग अडकले, तर समजायचं की आता उपाय हवा. तोवर नाही. याच वासाची दुसरी गंमत अशी, की तो सगळ्या वावरभर लावून ठेवला तर नर वेडापिसा होतो. जत्रेत चारी बाजूंच्या भोंग्यांतून तुमचंच नाव पुकारलं, तर जाल कुठे? नराला मादी सापडत नाही, अंडी फळत नाहीत, मेलं कोणीच नाही. अमेरिकेने बीटी, वास आणि वांझ पतंग अशी तिहेरी फळी लावली. विमानांतून अकराशे कोटी वांझ पतंग सोडले आणि 2018 साली गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. त्या पतंगांना लाल रंग घातलेलं खाणं देत असत, म्हणजे सापळ्यात सापडला की आपला कोण आणि जंगली कोण हे पोट फोडून कळावं.

आपल्याकडे विमान नसेल, पण ट्रायकोकार्ड आहे. पोस्टकार्डाएवढ्या पट्टीवर वीसेक हजार अंडी चिकटवलेली, प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी. कात्रीने पट्ट्या कापायच्या, पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. ती माशी बोंडअळीचं अंडं हुडकते आणि त्यात आपलं अंडं घालते. अळी जन्मण्याआधीच खलास. फक्त त्या आठवड्यात फवारा मारायचा नाही, नाहीतर वीस हजारांची पलटण आपणच मारू.

खताचं म्हणाल, तर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर म्हणतात, बाहेरून काही आणूच नका. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती एवढं एकराला पुरे. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, आणि शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाचा त्यांच्या दाव्यांवर आक्षेपही आहे. मला विचाराल तर 10 किलो शेणात एकराला पुरेल इतकं नत्र बसत नाही, हा साधा त्रैराशिकाचा मामला. पण कपाशीला मुळात थोडंच लागतं, हे आपण वर पाहिलं. वावरातलं वावरात राहिलं तर बाहेरून फार आणावं लागू नये, हा भाग मला पटतो.

आणि आता पऱ्हाटी. वेचणीनंतर एकरी टनभर वाळलेली पऱ्हाटी उभी असते. पूर्वी ती वर्षभराचं जळण होती. गॅस आल्यावर तिचं ओझं झालं. उपटायची, धुऱ्यावर ढीग लावायचा, काडी ओढायची. रुईसारखाच तिच्यातला कार्बनही हवेतून आलेला, पण तिच्यात मातीचं नत्र आणि पालाशही अडकलेलं. जाळली की नत्र आणि कार्बन परत हवेत. आणि जी जाळत नाहीत, धुऱ्यावर जूनपर्यंत रचून ठेवतात, तिच्या सुक्या बोंडांत कोण झोपलेलं असतं? तीच, गुलाबी.

श्रेडरने पऱ्हाटी जागेवरच बारीक केली तर काय होतं बघा. झोपलेली अळी चिरडते. कुट्टी भेगांत पडते. आठवतंय ना, ही जमीन स्वतःला नांगरते? ती कुट्टी जमीनच आत ओढून घेते. कुजली की सेंद्रिय कार्बन वाढतो, माती भुसभुशीत राहते, पाऊस वाहून जाण्याऐवजी मुरतो. कीड, खत आणि पाणी, तिन्हींचा उपाय एका यंत्राच्या एका फेरीत, डिसेंबर-जानेवारीच्या एका दुपारी.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वावर नसेल तर एक करा. जिनिंगवरून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन-चार सरक्या आणा. पहिला चांगला पाऊस झाला की मोठ्या कुंडीत लावा. ऑगस्टमध्ये फिकट पिवळं फूल येईल आणि दुसऱ्या दिवशी ते गुलाबी झालेलं दिसेल. त्याच वेळी आत, सरकीच्या सालीवर, पंधरा हजार पेशी लांबायला लागलेल्या असतील. एखादं पान कुरतडलेलं दिसलं तर औषध आणायला धावू नका. पान उलटा. मधल्या शिरेवरच्या वाटीशी मुंग्या आल्यात का, ते बघा.